प्लॅस्टिक कचऱ्यापासून चष्मानिर्मिती

वापरून टाकून दिलेले प्लॅस्टिक गोळा करून व त्यावर योग्य त्या प्रक्रिया करून चष्म्याच्या चौकटी तयार करण्याचा उद्योग. मासेमारीची टाकाऊ जाळी व सागरी कचरा यांपासून अशा चौकटी बनविण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यूरोप व अमेरिका खंडांत सुरू झाले. पुणे शहरात फेब्रुवारी २०२३ मध्ये वेफरच्या रिकाम्या पाकिटांपासून केलेले उन्हाचे चष्मे म्हणजे गॉगल विक्रीस आले. ज्या वेष्टनांना भंगारबाजारात किंमत नव्हती व ज्यांवर पुनःप्रक्रिया होत नाही असे सर्वसाधारणपणे मानले जात होते, त्यांपासून रोजच्या वापराची एक टिकाऊ वस्तू तयार झाली, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. त्याचा इतिहास चौकटीसाठी वापरल्या गेलेल्या पदार्थांशी, वेष्टनांत झालेल्या बदलाशी आणि पुण्यातील कचरावेचकांच्या संघटनेशी निगडित आहे.

चौकटीचे पदार्थ : चष्म्याचा शोध तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लागला. भारतात तो पोर्तुगीजांच्या आगमनानंतर परिचित झाला असावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी पुण्यात राहून या विषयाचा मागोवा घेतला होता. विजयानगरच्या राजसभेत मान असलेले माध्व आचार्य व्यासराय हे ग्रंथवाचनासाठी चष्मा वापरीत, या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत चरित्रग्रंथातील उल्लेखाची त्यांनी चिकित्सा केली. मराठीत ‘चष्मा’ हा शब्द फार्सीतून आला. वयाच्या चाळिशीला लागणारा म्हणून ‘चाळिशी’ किंवा ‘चाळशी’ असेही त्यास म्हणतात.

प्रारंभी चौकटी लाकूड, हाड, शिंग, चामडे व धातू यांच्या करीत. उंची चौकटींसाठी कासवाच्या पाठीचे कवच वापरीत. ॲलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात सेल्युलोज नायट्रेटपासून केलेला पदार्थ मांडला. पुढे १८६९–७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले. हस्तिदंत, शिंग व कासवाचे कवच यांचे हुबेहूब अनुकरण या पदार्थात करता येई. त्यामुळे दुर्मिळ होत चाललेल्या प्राणिज पदार्थांची बचत करणारे द्रव्य म्हणून त्याचे स्वागत झाले. कंगवे करणाऱ्या फ्रान्समधील ऑयोना या गावातील कारागीर सेल्युलॉइडकडे आणि पुढे त्याच्या चष्म्यांकडे वळले. अमेरिकेत सॅम फॉस्टर यांनी १९२९ मध्ये अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकण्यास प्रारंभ केला आणि तेव्हापासून गॉगल ही सर्वसामान्यांच्या आवाक्यातील वस्तू झाली.

सेल्युलॉइड चटकन पेट घेते. या दोषामुळे त्याची जागा सेल्युलोज ॲसिटेटाने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन, पॉलिकार्बोनेट इ. प्लॅस्टिके चौकटींसाठी वापरात आली. ॲसिटेटाच्या चौकटी पत्र्यांतून कोरून काढतात. या पद्धतीत पत्र्याचा बराच मोठा भाग वाया जातो. ऊष्मामृदू प्लॅस्टिक (उष्णतेने मऊ होणारे व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणारे) वितळवून दाबाने साच्यात भरल्यास ही नासाडी पुष्कळ कमी होते. टाकाऊ प्लॅस्टिकपासून चौकटी करणे शक्य झाले, ते मुख्यतः याच पद्धतीमुळे. प्राणिज पदार्थांचा ऱ्हास टाळण्यासाठी जे द्रव्य पुढे आले, त्याचाच साठा दीड शतकात इतका वाढला की त्याच्या कचऱ्यापासून चौकटी करण्याची वेळ आली.

पुडीपासून पाकिटापर्यंत : पुण्यासारख्या शहरात शेवचिवडा, फरसाण, वेफर इ. पदार्थ दीर्घकाळ रद्दीच्या कागदाच्या पुडीत बांधून मिळत. दूध, तेल यांसाठी ग्राहक घरून भांडे नेई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला आणि भंगारवाला यांच्यामुळे घरातील बऱ्याच वस्तू पुन्हा व्यवहारात येत. १९९१ नंतरच्या उदारीकरणाच्या काळात छापील, हवाबंद पाकिटांतील खाद्यपदार्थांचा खप झपाट्याने वाढला आणि जुन्या व्यवस्थेत न बसणारा एक नवा कचरा निर्माण झाला.

वेफरचे पाकीट दिसण्यास साधे असले, तरी त्याची रचना गुंतागुंतीची असते. सामान्यतः त्यात दोन्ही दिशांनी ताणलेल्या पॉलिप्रोपिलिनाचे दोन पातळ पापुद्रे असतात. बाहेरच्या पापुद्र्याच्या आतील बाजूस छपाई करतात. आतल्या पापुद्र्यावर निर्वातात ॲल्युमिनियमच्या वाफेचा थर बसवितात. या थराची जाडी मायक्रॉनच्या काही शतांश इतकीच असते. दोन्ही पापुद्रे आसंजकाने (चिकटविणाऱ्या द्रव्याने) जोडतात. ॲल्युमिनियममुळे प्रकाश, ओलावा व ऑक्सिजन यांना अटकाव होतो आणि पदार्थ कुरकुरीत राहतो. इतर काही वेष्टनांत पॉलिएथिलीन, पॉलिएस्टर व ॲल्युमिनियमचे पान असे भिन्न जातीचे थर एकत्र असतात. अशा सर्व वेष्टनांस बहुस्तरी वेष्टने म्हणतात.

जे गुण पदार्थ टिकविण्यास उपयोगी, तेच पुनःप्रक्रियेच्या आड येतात. पॉलिप्रोपिलीन सु. १६०°–१६५° से. तापमानास वितळते. पॉलिएथिलीन त्याहून कमी, तर पॉलिएस्टर २५०° से.च्या आसपास वितळते. ही प्लॅस्टिके वितळली तरी एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यांचे मिश्रण थंड झाल्यावर ठिसूळ होते. शाई, आसंजक, धातू आणि आत चिकटलेले तेल व मीठ यांची त्यात भर पडते. शिवाय एका पाकिटाचे वजन अवघे काही ग्रॅम असल्याने किलोभर माल जमविण्यासाठी शेकडो पाकिटे वेचावी लागतात. तांत्रिक अडचण आणि आर्थिक अडचण येथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत : वेगळे करता येत नाही म्हणून भाव नाही आणि भाव नाही म्हणून कोणी वेचीत नाही.

पुण्यातील कचरावेचक : पुण्यात कचरा वेचणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी असून त्यांतील बहुसंख्य दलित समाजांतील आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या अनेक कुटुंबांनी हा व्यवसाय पतकरला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुणे येथील प्रौढशिक्षणाच्या कार्यातून लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने इ. कार्यकर्त्यांचा या स्त्रियांशी संबंध आला. हमाल पंचायतीचे संस्थापक बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. आपण भीक मागत नसून श्रम करतो व त्या श्रमांमुळे शहराचा खर्च वाचतो, ही तिची मूळ भूमिका होती. संघटनेच्या प्रयत्नांमुळे पुणे महानगरपालिकेने कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली व पुढे त्यांच्यासाठी वैद्यकीय विम्याची योजनाही सुरू केली.

संघटनेच्या नावात कागद, काच व पत्रा या तीन वस्तू आहेत, प्लॅस्टिक नाही. त्या काळी भंगारात खात्रीने विकल्या जाणाऱ्या वस्तूंचीच ती नावे होत. पुढे बाटल्या, बादल्या, दुधाच्या पिशव्या इ. एकाच जातीच्या प्लॅस्टिकला भाव मिळू लागला. बहुस्तरी पाकिटे मात्र कचरापेटीतच राहिली. कचरा वेचणारी स्त्री कोणती वस्तू उचलते व कोणती टाकून देते, यावरून त्या वस्तूचे तंत्रवैज्ञानिक भवितव्य कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच अचूक सांगता येत असे.

२००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार केला. त्यानुसार घरोघरी जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा गोळा करण्याचे काम तिच्या सभासदांकडे आले. सेवेबद्दल नागरिकांनी ठरावीक शुल्क द्यावे आणि सुक्या कचऱ्यातील विक्रीयोग्य वस्तूंवर सभासदांचा हक्क राहावा, अशी ही व्यवस्था आहे. संस्थेच्या सभासदांची संख्या पुढे तीन हजारांवर गेली. कचऱ्याची वर्गवारी उगमापाशीच झाल्याने तुलनेने स्वच्छ सुका माल हाती येऊ लागला. २०१८ च्या सुमारास आयटीसी या कंपनीच्या साहाय्याने बहुस्तरी वेष्टने स्वतंत्रपणे गोळा करण्याचा उपक्रमही शहरात सुरू झाला. पुढील काळात पाकिटांपासून वस्तू करण्याचे जे प्रयोग पुण्यात झाले, त्यांना अशी अनुकूल पार्श्वभूमी लाभली होती.

या काळात कचऱ्याचा प्रश्न तीव्र झाला होता. शहराचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीतील आगारात टाकला जाई. दुर्गंधी, आगी आणि विहिरींच्या पाण्याचे प्रदूषण यांमुळे तेथील ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने केली. २०१७ मध्ये आगाराला लागलेल्या आगीनंतर त्यांनी शहराच्या कचरागाड्या अडविल्या. ज्या वेष्टनांना शहरात कोणी विचारीत नव्हते, त्यांचे ओझे शहराबाहेरील गावांवर पडत होते.

कायद्याची चौकट : केंद्र शासनाने २०१६ मध्ये प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम जारी केले. पुनश्चक्रण न होणाऱ्या बहुस्तरी प्लॅस्टिकचे उत्पादन व वापर दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करावा, अशी तरतूद त्यांत होती. मार्च २०१८ मध्ये हे नियम दुरुस्त करण्यात आले. ज्या वेष्टनांचे पुनश्चक्रण होत नाही, ज्यांपासून ऊर्जा मिळविता येत नाही व ज्यांचा पर्यायी उपयोगही नाही, एवढ्यांपुरतीच ती तरतूद आता मर्यादित झाली. सिमेंटच्या भट्टीत जवळजवळ कोणतेही प्लॅस्टिक जाळून ऊर्जा मिळविता येत असल्याने व्यवहारात पाकिटे बाजारात कायम राहिली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या काही वस्तूंवर राज्यात बंदी घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत बहुस्तरी वेष्टनांचा स्वतंत्र वर्ग करून त्यांच्या पुनश्चक्रणाचे किमान प्रमाण २०२४–२५ मधील ३० टक्क्यांपासून २०२७–२८ पर्यंत ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. त्यामुळे पाकिटांचे खरोखरीचे पुनश्चक्रण शक्य आहे काय, या प्रश्नास कायदेशीर महत्त्व प्राप्त झाले.

पुण्यातील प्रयोग : अमेरिकेत वित्तक्षेत्रात नोकरी केलेले अनिश मालपाणी यांनी भारतात परतल्यावर पुणे येथे ‘अशय’ हा सामाजिक उद्योग स्थापन केला. कमी किमतीच्या कचऱ्याचे मूल्य वाढविणे आणि त्या वाढीचा लाभ कचरावेचकांपर्यंत पोहोचविणे, ही त्याची उद्दिष्टे होत. ज्या मालाला आधीच भाव आहे तो न निवडता बहुस्तरी वेष्टनांसारखा सर्वांत अवघड माल या उद्योगाने मुद्दाम निवडला. सु. दोन वर्षांच्या प्रयोगांनंतर वेष्टनांतील द्रव्ये वेगळी करण्याची पद्धत तयार झाली व तीसाठी एकस्वाचा अर्ज करण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘विदाउट’ या नावाने गॉगल बाजारात आले. वेफरच्या पाकिटांपासून केलेले हे जगातील पहिलेच गॉगल असल्याचे उद्योगाने जाहीर केले. एका गॉगलसाठी सु. पाच पाकिटे लागतात. प्रत्येक गॉगलवर क्यूआर संकेत असून त्याच्या साहाय्याने माल कोठून आला व कोणी वेचला, याचा माग ग्राहकास घेता येतो. पूर्वी कचरा वेचणाऱ्या व्यक्तींना प्रक्रियेच्या कामावर पगारी नेमण्यात आले. विक्रीतील दहा टक्के रक्कम कचरावेचकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देण्याचेही उद्योगाने जाहीर केले.

याच सुमारास शहरात टाकाऊ प्लॅस्टिकविषयी अन्य प्रयोगही झाले. प्लॅस्टिकचे उष्णतेने विघटन करून इंधन मिळविणे, वेष्टनांच्या पट्ट्या कापून हातमागावर कापड विणणे व त्याच्या पिशव्या शिवणे, हे त्यांपैकी काही होत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कोव्हिड साथीच्या काळात वापरून टाकलेल्या संरक्षक पोशाखांच्या प्लॅस्टिकपासून वाहनांचे सुटे भाग करण्याचा प्रयोग पुण्यातील उद्योगांच्या सहकार्याने २०२१ मध्ये केला.

निर्मितिप्रक्रिया : टाकाऊ प्लॅस्टिकपासून चौकटी करताना माल प्रथम जातीनुसार निवडतात. नंतर तो बारीक कातरून क्षारकयुक्त गरम पाण्याने धुतात व वाळवितात. घनतेतील फरकाचा उपयोग करून काही द्रव्ये वेगळी करता येतात. पॉलिप्रोपिलीन (घनता सु. ०·९०) व पॉलिएथिलीन ही पाण्यावर तरंगतात, तर पॉलिएस्टर (सु. १·३८) बुडते. एकमेकांना चिकटलेले थर अशा साध्या रीतीने सुटत नाहीत. त्यासाठी रासायनिक व यांत्रिक क्रियांची जोड द्यावी लागते. धातूचा थर अम्लात किंवा दाहक सोड्यासारख्या अल्कलीत विरघळतो. आसंजक व शाई काढण्यासाठी अन्य विद्रावांची गरज पडते. हे विद्राव पुन्हापुन्हा वापरले न गेल्यास एक प्रदूषण टाळताना दुसरे निर्माण होण्याचा धोका असतो.

शुद्ध केलेले प्लॅस्टिक वितळवून त्याचे दाणे करतात. दर वेळी तापविल्याने रेणूंच्या लांब साखळ्या काही प्रमाणात तुटतात व पदार्थाचे बल घटते, म्हणून आवश्यकतेनुसार त्यात पूरक द्रव्ये मिसळतात. दाणे वितळवून दाबाने पोलादी साच्यात भरले की चौकटीचा पुढचा भाग व काड्या तयार होतात. त्या घासून गुळगुळीत करून बिजागऱ्या व भिंगे बसवितात. शाईचे अवशेष राहत असल्याने अशा चौकटी बहुधा काळ्या वा गडद रंगांच्या करतात. भिंगांना निर्दोष पारदर्शकता लागते. मिश्र कचऱ्यापासून ती मिळणे कठीण असल्याने टाकाऊ प्लॅस्टिकचा उपयोग सामान्यतः चौकटीपुरताच मर्यादित राहतो. गॉगलच्या भिंगांनी जंबुपार किरण अडविणे आवश्यक असते. केवळ गडद रंगाच्या भिंगामागे बाहुली विस्तारते व हे किरण अडले नाहीत तर डोळ्यास अधिक अपाय होऊ शकतो.

अन्य देशांतील प्रयत्न : चिलीत २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्यूरिओ’ या उद्योगाने कोळ्यांकडील जुनी जाळी गोळा करून प्रथम चाकांच्या फळ्या (स्केटबोर्ड) आणि पुढे ‘कारून’ या चिलीतील उद्योगाच्या सहकार्याने गॉगल तयार केले. स्पेनमधील ‘सी टू सी’ या उद्योगानेही सागरी कचऱ्यापासून चौकटी करण्यास सुरुवात केली. जाळी बहुधा नायलॉन या एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असून वजनाने भारी असतात. त्यामुळे त्यांचे पुनश्चक्रण तुलनेने सुलभ होते. पुण्यातील प्रयोगाचे वेगळेपण यावरून लक्षात येते. तेथे कच्चा माल समुद्रातून आणलेला नसून शहरातील रस्त्यांवरून व घरांतून आलेला आहे आणि तो जातीने मिश्र व वजनाने नगण्य आहे.

मर्यादा व महत्त्व : पुणे शहरात दररोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निर्माण होतो. एका चौकटीचे वजन वीस ग्रॅम धरल्यास एक टन शुद्ध प्लॅस्टिकपासून पन्नास हजार चौकटी होतील. शहरात रोज जमा होणारी पाकिटे संपविण्याइतके चष्मे कोणतीही बाजारपेठ घेऊ शकणार नाही. डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लॅस्टिक मिसळण्याची मदुराई येथील रा. वासुदेवन यांनी विकसित केलेली पद्धत किंवा सिमेंटच्या भट्ट्या यांत कितीतरी अधिक माल खपतो. तथापि या मार्गांत प्लॅस्टिक एकदाच उपयोगी पडते आणि त्याचे मूल्य इंधनाच्या किंवा डांबराच्या मोलाने ठरत असल्याने वेचणाऱ्यांच्या हाती थोडेच पडते. याउलट चौकटीत काही ग्रॅम द्रव्याला शेकडो रुपयांच्या वस्तूचे रूप येते व कच्च्या मालाला चांगला भाव देण्यास वाव राहतो. मात्र असा वाव असणे आणि तो भाव प्रत्यक्षात मिळणे यांत अंतर असते. ते कमी करण्यास कचरावेचकांची संघटना व मालावरील त्यांचा हक्क यांची जोड आवश्यक ठरते. दुसऱ्या बाजूने, पाकिटांपासून काही वस्तू होऊ शकतात एवढ्या आधारावर पाकिटांचा वाढता वापर समर्थनीय ठरत नाही. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, सहज पुनश्चक्रण होणारी वेष्टने वापरणे हा उत्पादकांच्या हाती असलेला उपाय अधिक मूलगामी आहे.

या उद्योगाचे महत्त्व त्याने किती कचरा कमी केला, यापेक्षा त्याने काय सिद्ध केले यात आहे. ‘पुनश्चक्रणास अयोग्य’ हा पदार्थाचा अंगभूत गुण नसून त्या काळचे तंत्र आणि बाजारातील भाव यांवर तो शेरा अवलंबून असतो, हे या प्रयोगाने दाखविले. कागद, काच व पत्रा एवढ्यांनाच मोल असलेल्या पुण्याच्या भंगारबाजारात पुढे प्लॅस्टिकच्या एकेका प्रकाराला भाव आला. वेफरचे पाकीट त्या रांगेत अगदी शेवटी उभे आहे. त्याला कायमचे स्थान मिळाले किंवा नाही, हे चष्म्यांच्या विक्रीवरून ठरणार नाही. घरोघरचा कचरा गोळा करणारी स्त्री ते पाकीट टाकून न देता आपल्या पोत्यात घालते काय, यावरून ते ठरेल.